जुन्या ओम्नीचे मागचे ब्रेक गंजले आहेत : काय साफ करावे आणि काय बदलावे?

आंबेराई :
नमस्कार. आमच्याकडे २००६ सालची मारुती ओम्नी आहे. गाडी देवगडजवळ असते, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, आणि हंगामात आंब्याच्या पेट्या पोहोचवणे हे तिचे मुख्य काम आहे. पावसाळ्यात ती बहुतेक वेळ पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. यंदा गणपतीच्या आधी बाहेर काढायला गेलो तेव्हा मागचे डावे चाक फिरेनाच. गिअरमध्ये टाकून पुढे-मागे केल्यावर मोठा आवाज होऊन ते सुटले. आता थोडे अंतर चालवली की त्याच चाकाची रिम चटका बसेल इतकी तापते आणि करपल्यासारखा वास येतो. हॅण्डब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढला तरी उतारावर गाडी धरत नाही. पेडल पहिल्या दाबाला खोल जाते आणि दुसऱ्या दाबाला वर येते. शिवाय उजव्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूला तेलकट ओघळ दिसतो आहे.

एका मेकॅनिकच्या मते ड्रमपासून (चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे भांडे) बॅकप्लेटपर्यंत (त्यामागची स्थिर प्लेट) सगळे नवीन घालावे. दुसऱ्याचे म्हणणे असे की पॉलिश पेपर मारून, वॉशर किट टाकून काम भागेल. दोघांच्या अंदाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढच्या वर्षी पासिंगही आहे. मला घरी थोडेफार काम करता येते, पाने आणि जॅक आहेत. गंजलेल्या भागांपैकी नेमके काय साफ करून पुन्हा वापरता येते आणि काय डोळे मिटून बदलावे, हे अनुभवी सभासदांनी सांगावे, ही विनंती.

किरकोळ_दुरुस्ती :
दोन्ही मेकॅनिक अर्धे बरोबर आहेत. ड्रम उघडेपर्यंत तिसरे मत घेऊ नका.

बांगडा_फ्राय :
एवढ्या लक्षणांची यादी माणसाच्या तोंडून ऐकली असती, तर डॉक्टरांनी थेट भरती करून घेतले असते.

लेथवाला :
ड्रमबद्दल मी सांगू शकतो, कारण आमच्या लेथवर ते रोज येतात. ड्रम बिडाचा असतो आणि बिडावर वरचेवर येणारा तांबूस गंज निरुपद्रवी असतो. रात्रभर पाऊस पडला तरी तो येतो आणि चार ब्रेक मारले की निघून जातो. ड्रम टाकून द्यावा लागतो तो तीन कारणांनी : आतल्या पृष्ठभागावर खोल खड्डे पडले असतील, कुठे तडा असेल, किंवा झीज मर्यादेपलीकडे गेली असेल. कमाल व्यास बहुधा ड्रमवरच उठवलेला असतो. नव्या ड्रमच्या व्यासापेक्षा साधारण २ मिमी एवढीच मुभा समजा, आणि त्या मर्यादेच्या आत राहत असेल तरच लेथवर कापून घ्या. एका बाजूचा कापला तर दुसऱ्या बाजूचाही त्याच मापाला कापावा, नाहीतर दोन चाकांची पकड वेगवेगळी होते. बाहेरून ड्रम कितीही कळकट दिसला तरी तारेच्या ब्रशने घासावा. त्यासाठी नवा घेण्याची गरज नाही.

जुना_कारागीर :
मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालो. तिथे एअर ब्रेक असतात, त्यामुळे पद्धत वेगळी, परंतु गंजलेला ड्रम काढताना लोक जी घाई करतात ती सगळीकडे सारखीच असते. गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके लावा, मागून उचलल्यावर केवळ जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच. त्यानंतर हॅण्डब्रेक पूर्ण सोडून त्याच्या केबलचा नट ढिला करा. हे न करता ड्रम ओढत बसणारे पुष्कळ पाहिले. आत शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) पसरलेलेच राहिले तर ड्रम सात जन्मांत बाहेर येणार नाही.

या गाडीच्या ड्रमच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोके असतात. ती रिकामी दिसतात म्हणून लोक त्यांना महत्त्व देत नाहीत, पण ती ड्रम बाहेर ढकलण्यासाठीच आहेत. भोकांतला गंज आधी काढून ८ मिमी आट्याचे दोन बोल्ट त्यांत घाला आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळत जा, म्हणजे ड्रम सरळ बाहेर येतो. एकच बोल्ट आवळत राहिलात तर तो तिरका होऊन आणखी अडकतो. मधल्या बोळक्याभोवती, जिथे ड्रम ॲक्सलच्या फ्लँजवर (टोकाच्या चकतीवर) बसतो, तिथे गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवावे. ठोकायचेच असेल तर नटांच्या मधल्या सपाट भागावर ठोका. कडेवर मारू नका, बीड ठिसूळ असते आणि कडेचा टवका उडतो.

गुहागरी :
आमच्याकडे एकाने ड्रम निघेना म्हणून थेट गॅसची ज्योत लावली होती. ड्रम निघाला हे खरे, पण व्हील सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने शू पसरवणाऱ्या नळकांड्याचे) रबर आणि ॲक्सलचे ऑइल सील दोन्ही करपले. काम वाढले ते वेगळेच.

जुना_कारागीर :
@गुहागरी, बरोबर. आणि ज्या ठिकाणी ब्रेक ऑइल गळते आहे अशी शंका आहे तिथे ज्योत नेणे हा तर वेडेपणाच आहे, कारण ते ऑइल पेट घेते.

पानेवाली_कुडाळ :
आमचे घरचे गॅरेज आहे आणि पावसाळ्यानंतरचे दोन महिने आमच्याकडे याच प्रकारच्या गाड्या येतात. मूळ प्रश्नात दोन चाकांची दोन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत, ती आधी वेगळी करू या.

डाव्या चाकाबाबत सांगायचे तर शेडमध्ये हॅण्डब्रेक ओढून गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, लाइनर (शूवर बसवलेला घर्षणाचा थर) आणि ड्रम यांच्यामध्ये गंज धरला आणि दोन्ही एकमेकांना चिकटले. तुम्ही गाडी हलवून ते सोडवले तेव्हा जो आवाज झाला, त्यात बऱ्याचदा लाइनरच शूच्या पत्र्यापासून सुटून येतो. असा सुटा तुकडा आत वळवळत राहिला तर चाक तापणारच, आणि एखाद्या दिवशी तो आडवा होऊन चाक जागच्या जागी जाम करील. म्हणून उघडून पाहीपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. दुसरी शक्यता हॅण्डब्रेकच्या केबलची. वेष्टणाच्या आत तार गंजली की ती ओढली जाते पण परत येत नाही. केबल सोडून हाताने ओढून पाहा. सहज सरकून परत गेली नाही तर तेल घालण्यात वेळ दवडू नका, केबल बदला. तेलाने आठवडा निघतो, पावसाळा निघत नाही.

उजव्या चाकाच्या ओघळाबाबत एकदम निष्कर्ष काढू नये. ओम्नीला इंजिनाची ताकद मागच्या चाकांना असते, त्यामुळे तिथे दोन वेगवेगळी तेले गळू शकतात. व्हील सिलिंडरचे ब्रेक ऑइल पातळ असते, रंगावर पडले तर रंग उचलून काढते आणि गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतली पातळी कमी होते. डिफरन्शियलचे (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेटीचे) गिअर ऑइल दाट आणि काळपट असते व त्याचा उग्र वास लपत नाही. बाटलीतली पातळी जागच्या जागी असेल तर ॲक्सलच्या ऑइल सीलवर संशय घ्या. तसे निघाले तर नुसते ब्रेकचे सामान बदलून काही साधणार नाही, नवे लाइनर पंधरवड्यात पुन्हा तेलात भिजतील. सील बदलताना डिफरन्शियलच्या वर जो हवा जाण्याचा छोटा नळा असतो तो मातीने बुजलेला नाही ना, हेही पाहा. तो बुजला की आत दाब वाढतो आणि नवे सीलसुद्धा गळू लागते.

आंबेराई :
@पानेवाली_कुडाळ, मनापासून आभार. बाटलीतली पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेलेली आहे. म्हणजे ब्रेक ऑइलच गळत असावे.

घाटवळण :
थोडे वेगळे मत मांडतो. गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. मागच्यांवर इतका खर्च आणि इतकी चर्चा कशासाठी? वीस वर्षांच्या गाडीला नवे लाइनर घाला आणि मोकळे व्हा.

जुना_कारागीर :
@घाटवळण, रिकाम्या गाडीपुरते तुमचे म्हणणे मान्य करता येईल. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो आणि मागची चाके हलकी होतात, हे खरेच आहे. परंतु या गाडीत मागे आंब्याच्या पेट्या भरलेल्या असतात. पेट्या भरून फोंडा घाट उतरताना मागचे ब्रेक काम करीत नसतील, तर सगळा ताण पुढच्या चाकांवर येऊन ती तापतात, आणि तापलेले ब्रेक निम्म्या घाटात पकड सोडू लागतात. त्याहून वाईट म्हणजे मागचे एक चाक पकडते आणि दुसरे नाही, अशी अवस्था. ओल्या रस्त्यावर तेवढ्याने गाडीचे बूड बाजूला फेकले जाते. आणि हॅण्डब्रेक फक्त मागच्याच चाकांवर चालतो, याचा विसर पडू नये. चढावर भरलेली गाडी उभी करायची झाली तर दुसरा आधार नाही.

बांगडा_फ्राय :
दुसरा आधार आहे की. शेजारी बसलेल्याने दगड घेऊन उडी मारायची. आमच्या भागात त्या पदाला क्लीनर म्हणतात.

मासळीबाजार :
क्लीनरचा विषय निघालाच आहे, तर आमच्या धंद्यातले सांगतो. मी रत्नागिरीहून मासळीची वाहतूक करतो. बर्फाच्या पेट्यांतून झिरपणारे खारे पाणी मागच्या दाराच्या उंबऱ्यातून खाली उतरते आणि ते नेमके ॲक्सल, पाट्यांचे बोल्ट आणि ब्रेकच्या पाइपांवर पडते. बॅकप्लेटचा खालचा कडा आमच्या एका गाडीत इतका खाल्ला गेला होता की बोट घातल्यावर पापडासारखा मोडला. अशी प्लेट बदलण्यावाचून गत्यंतर नसते, कारण व्हील सिलिंडर आणि शू तिच्याच आधारावर उभे असतात. आंबेराई यांच्या गाडीत मासळी नसल्यामुळे एवढी वेळ आली नसावी, पण छिन्नीच्या टोकाने हलके टोचून पाहावे. वरचे पोपडे निघून खाली टणक पत्रा लागला तर घासून, रंग देऊन वापरा. टोक आत रुतले तर बदला.

टोरांटोकर :
इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे जुन्या व्हॅनचे मागचे ब्रेक हा आमच्याकडचाही दरवर्षीचा विषय आहे. त्या अनुभवावरून एका गोष्टीवर भर देतो : ब्रेकचे लोखंडी पाइप. ड्रम आणि शू यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, कारण ते उघडल्यावर दिसतात. पाइप मात्र गाडीच्या पोटाखालून मागपर्यंत गेलेला असतो आणि तो सडतो तो पट्टीने चासीला धरलेल्या जागी, कारण तिथे चिखल आणि ओल अडकून राहते. पट्टी सोडून पाइप तारेच्या ब्रशने घासा. नुसता रंग बदललेला असेल तर ठीक. पोपडे निघून खड्डे दिसले तर तो पाइप पूर्ण बदलला पाहिजे. जोरात ब्रेक मारण्याच्या क्षणी आतला दाब सर्वाधिक असतो, आणि कमकुवत पाइप फुटतो तोही त्याच क्षणी. पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग वेगळे असल्याने पुढचे ब्रेक उरतात हे खरे, पण पेडल एकाएकी तळाशी गेल्यावर चालवणाऱ्याचे भान राहत नाही.

किरकोळ_दुरुस्ती :
आमच्याकडे पाइपचा सडलेला तुकडा कापून तिथे तांब्याची नळी ब्रेझिंग करून जोडून देणारे आहेत. स्वस्तात होते. चालते का?

टोरांटोकर :
@किरकोळ_दुरुस्ती, कृपया करू नका. साधे तांबे कंपनाने कडक होत जाऊन तडकते. इथे तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा ब्रेकसाठीच बनवलेला पाइप मिळतो, तो गंजत नाही आणि हाताने वळतो. परंतु ती वेगळी वस्तू आहे, फ्रिजची नळी नव्हे.

पानेवाली_कुडाळ :
आमच्याकडे बंडी पाइप (ब्रेकचा पोलादी पाइप) मिळतो, त्याला डबल फ्लेअर करून, म्हणजे टोक दोनदा दुमडून घ्यावे लागते. टोक एकदाच दुमडून दिले तर ते नटाच्या दाबाने चिरते. पाइपचा नट सोडताना साधा उघडा पाना लावू नये, नटाचे कोपरे गोल होतात आणि मग पक्कड लावून पाइपच पिळला जातो. रिंग पान्याला एका बाजूने खाच असलेला खास पाना मिळतो, तो एकदा घेऊन ठेवावा.

शंकेखोर :
व्हील सिलिंडरबद्दल अजून कोणी ठाम बोललेले नाही. वडिलांच्या काळापासून आम्ही सिलिंडर आतून बारीक पॉलिश पेपरने घासून, नवे रबर कप घालून वापरत आलो. आता प्रत्येक जण नवेच घाला म्हणतो. यात दुकानदाराचे हित किती आणि गाडीचे किती?

लेथवाला :
@शंकेखोर, दोन्ही बाजूंनी सांगतो. रबर कप ज्या पट्ट्यात पुढे-मागे सरकतो तेवढा पट्टा गुळगुळीत असेल तर किट टाकणे पूर्ण योग्य आहे, त्यात काही कमीपणा नाही. पण बोटाच्या नखाला खड्डा जाणवला तर घासून तो जात नाही. तो जाईपर्यंत घासले तर व्यास वाढतो आणि कप ढिला बसतो. नव्या व्हील सिलिंडरची किंमत काही शे रुपये असते. ड्रमच्या बाबतीत मी तुम्हाला पैसे वाचवायला सांगितले, इथे सांगणार नाही.

शंकेखोर :
नखाची कसोटी पटली. परंतु गंज मुळात आतून येतो कसा? आत तर ऑइल भरलेले असते.

पानेवाली_कुडाळ :
ते ऑइलच पाणी शोषते. डॉट ३ किंवा डॉट ४ हे ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेते, आणि ते पाणी शेवटच्या टोकाला, म्हणजे व्हील सिलिंडरमध्ये, साचून आतून गंज धरते. शिवाय उकळण्याचे तापमानही उतरते. डॉट ३ कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, ओल धरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ब्रेक तापून ऑइल उकळले की पाइपात वाफ होते आणि पेडल मऊ पडते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नये, आणि गाडीतल्या बाटलीत चुकूनही इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल घालू नये, सगळी रबरे फुगतात.

गुहागरी :
आता ब्रेकच्या पाइपांतली हवा काढण्याबद्दलही कोणीतरी सांगा, कारण पाइप आणि सिलिंडर बदलल्यावर खरी कसरत तिथेच होते.

जुना_कारागीर :
क्रम साधा आहे. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा मुख्य सिलिंडर) जे चाक सर्वांत लांब, तिथून सुरुवात करावी. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल (हवा काढण्याचा स्क्रू) अर्धा आटा सोडून लगेच आवळायचा, आणि निपल आवळल्याशिवाय पेडल सोडायचे नाही. बाटली मध्येच रिकामी होऊ देऊ नये. जुन्या गाडीत मात्र एक पथ्य पाळा : पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा तुकडा ठेवा. मास्टर सिलिंडरमधला जो भाग इतकी वर्षे वापरात नव्हता, तिथे गंज आणि गाळ बसलेला असतो. पेडल पूर्ण दाबले की कप त्या भागावर घासून फाटतो, आणि मागचे ब्रेक दुरुस्त करता करता मास्टर सिलिंडरही घ्यावा लागतो. निपल गंजला असेल तर जोर लावू नका, तो मुळापासून तुटतो. नवा सिलिंडर घेणार असाल तर हा प्रश्नच मिटतो.

बांगडा_फ्राय :
पेडलवर घरातल्या कोणाला बसवायचे हे जपून ठरवा. "दाब", "धर", "सोड" या तीन शब्दांवरून आमच्याकडे दोन दिवस अबोला होता.

टोरांटोकर :
आणखी एक, धुळीविषयी. ड्रममधली काळी धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात गेले की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे.

आंबेराई :
सर्वांचे आभार. काल गाडी उघडली, म्हणून सविस्तर लिहितो. बोल्ट घालून दोन्ही ड्रम हातोडी न वापरता निघाले. डाव्या बाजूला मागच्या शूचा लाइनर खरोखरच अर्धा सुटलेला होता आणि त्याचा सुटलेला भाग ड्रमच्या आत गंजासकट चिकटून राहिला होता. ॲडजस्टर (शूचे ड्रमपासूनचे अंतर ठरवणारा भाग) जाम होता. उजवीकडे व्हील सिलिंडरचे रबरी टोपण उचलल्यावर ऑइल बाहेर आले, पिस्टनवर तपकिरी चिखल होता आणि आत नखाला खड्डे स्पष्ट लागले. दोन्ही बॅकप्लेट टोचून पाहिल्या, टणक आहेत, मात्र शू जिथे टेकतात त्या उंचवट्यांवर खाचा पडल्या आहेत. मागच्या ॲक्सलवरच्या पाइपाला पट्टीखाली पोपडे आहेत. ड्रम दोन्ही मापात आहेत. केबलची डावी तार परत जात नाही.

आता ठरवले ते असे : दोन्ही व्हील सिलिंडर, चारही शू, स्प्रिंगांचा संच, केबल आणि ॲक्सलवरचा पाइप नवीन घ्यायचा. ड्रम हलका लेथ मारून तेच ठेवायचे, बॅकप्लेट घासून रंगवायच्या. पहिल्या मेकॅनिकच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी खर्च होईल असे दिसते. त्या खाचांचे काय करावे?

पानेवाली_कुडाळ :
खाचांत शू अडकून बसतो, हे चाक तापण्याचे आणखी एक कारण असते. खाच उथळ असेल तर कानशीने कडा सपाट करा. खोल असेल तर वेल्डिंगचा थर भरून घासून घ्यावा लागेल. मग त्या उंचवट्यांवर उष्णता सहन करणारे ग्रीस अगदी पातळ लावा, जास्तीचे पुसून काढा. ते वितळून लाइनरवर आले तर नवे शू वाया जातील. आणि सामान उघडलेच आहे तर ॲक्सलकडे जाणारा रबरी होजही बदला. जुना होज बाहेरून चांगला दिसतो, पण आतून फुगून वाट अडवतो; पेडल सोडल्यावर ऑइल परत जात नाही आणि ब्रेक लागलेलाच राहतो.

घाटवळण :
मी आधी वेगळे म्हटले होते, तरी सुटलेल्या लाइनरचे वाचून मुद्दा मान्य करतो. आता सांगा, पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी कशी ठेवावी? हॅण्डब्रेक ओढल्याशिवाय ठेवायची भीती वाटते.

मासळीबाजार :
सपाट जागा, पहिला गिअर, दोन चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके, हॅण्डब्रेक पूर्ण सुटा. आठवड्यातून एकदा अंगणातल्या अंगणात का होईना, पण पुढे-मागे करून ब्रेक मारा. हंगाम संपल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा, आणि धुतल्यावर लगेच उभी न करता थोडी चालवून ब्रेक वाळवा. ओले ड्रम घेऊन शेडमध्ये शिरलेली गाडी आणि पावसात उभी गाडी यांत फारसा फरक नाही.

जुना_कारागीर :
@आंबेराई, जुळणीच्या वेळी एक क्रम चुकवू नका. आधी शूचे अंतर ॲडजस्टरवर बसवा, ड्रम हाताने फिरताना हलकी घसट जाणवेल इतके. पेडल काही वेळा दाबून शू मध्यभागी बसू द्या. त्यानंतरच हॅण्डब्रेकची केबल आवळा. बरेच जण आधी केबल ताणून हॅण्डब्रेक वर आणतात, तेव्हा शू कायमचे थोडे पसरलेले राहतात आणि चाक पुन्हा तापू लागते. पहिल्या फेरीहून आल्यावर दोन्ही ड्रमांजवळ हात नेऊन पाहा. दोन्हीकडे सारखीच ऊब लागली तर काम झाले. एकीकडे जास्त लागली तर तीच बाजू पुन्हा उघडा.

आंबेराई :
तसेच करतो. सामान उद्या कणकवलीहून येत आहे. होज आणि ग्रीस यादीत वाढवले आहेत.